नळाची मूठ आणि दौलताबादचा किल्ला

आमच्या घरच्या नळाची मूठ मी एकदा दौलताबादचा किल्ला दाखवायला घेऊन गेले होते. तिला तो कसा वाटला ते कळलं नाही. मी घरी परत आले, तोवर ती बसवायला नळच उरला नव्हता.

ही गोष्ट दुष्काळाच्या वर्षांतली. आमच्या शहरात तेव्हा पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही मनात आलं तर. लोक तिथी-वार विसरले होते, ‘पाण्याचा दिवस’ तेवढा लक्षात ठेवायचे. त्या दिवशी कुणी लग्नाला जात नसे, दवाखान्यात जात नसे. (आमच्या समोरच्यांचं बारसं याच कारणाने इतक्यांदा पुढं गेलं, की शेवटी मूल स्वतःच्या पायाने पाळण्यापर्यंत चालत गेलं.)

अशात पुण्याहून वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. साठी जवळ आल्यावर त्यांना सायकलवरून ऐतिहासिक स्थळं बघण्याचं वेड लागलं होतं. गाडीच्या टपावर गिअरची सायकल बांधूनच त्या आल्या.

“आठ दिवस राहीन म्हणते, वहिनी. पण पाण्याचं काय? मला दोन वेळा अंघोळ लागते हो.”

“आमच्याकडे पाण्याचा काही प्रश्न नाही, वन्सं,” मी म्हणाले.

हे माझ्याकडे बघतच राहिले. आमच्या हौदात तेव्हा वीतभर पाणी होतं. पण आमच्या लग्नापासून ही बाई “माझ्या भावाला वाळवंटात दिलं” असं प्रत्येक कार्यात सांगत आली होती. तिच्यापुढं कबूल कसं करायचं? पाण्याचा दिवस सोमवार होता. रविवारी वन्संना सायकलवर दिवसभर बाहेर ठेवायचं, सोमवारी हौद भरून घ्यायचा आणि मंगळवारी त्यांना हवी तर तीन वेळा अंघोळ घालायची, असा माझा बेत होता.

मी बेत आखते तेव्हा तो चुकत नाही. (हे वाक्य मी त्या रविवारपर्यंत वापरत असे.)

रस्ताही मीच ठरवला. छावणीतून मिटमिटा, तिथून आतल्या शांत रस्त्याने दौलताबाद, मग जमलं तर खुलताबाद. कॉलेजात असताना मी त्या रस्त्यावर सायकल चालवली होती. दुतर्फा वडाची झाडं, सीताफळाच्या बागा, मधूनच एखादी जुनी कबर, एखादी पडकी कमान. वन्संना मी सगळं रंगवून सांगितलं.

निघताना मी गॅस बंद केला, मेन स्विच बंद केला, हौदाच्या झाकणाला कुलूप घातलं. मग अंगणातला नळाचा कॉक घट्ट बंद करून त्याची पितळी मूठ काढून पिशवीत टाकली. त्या दिवसांत बंद घराच्या नळाला पाइप लावून कुणीही पाणी न्यायचं. मूठच नसेल तर नेणार कसं?

“अगं, आज कुठं पाणी येणार आहे?” हे म्हणाले.

“म्हणूनच तर! आजची सवय उद्या कामाला येते.”

आम्ही तिघं सायकलींवर निघालो. मिटमिटा मागं पडलं तरी वड दिसेनात. सीताफळाच्या बागांच्या जागी ‘निसर्गाच्या कुशीत प्लॉट’ असे फलक होते आणि निसर्ग म्हणजे फलकावरचं हिरवं चित्र. शेजारून टँकर धूळ उडवत जात होते. वन्संच्या पांढऱ्या टोपीचा रंग हळूहळू विटेसारखा झाला.

“वहिनी, ते शांत खेडं कधी येणार?”

“येऊन गेलं, वन्सं. मघाशी ती चार मजली इमारत लागली ना, तेच.”

दौलताबादला पोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते. मी चाँद मिनाराच्या सावलीत सायकली राखत बसले. हे आणि वन्सं किल्ल्यावर चढले. ह्यांना प्रत्येक फलक वाचायची सवय आणि वन्संना प्रत्येक फलकापुढं फोटो काढायची. म्हणजे दोघं दुपारपर्यंत येत नाहीत, हे मी धरूनच चालले होते.

तेवढ्यात फोन वाजला. आमच्या शेजारच्या शेख भाभी.

“अरे वैनी, कां हैं तुम? पानी आया ना!”

“आज?! पाणी तर उद्या आहे!”

“वो पानी कू जाके बोलो! इत्ता जोर का आया. तुम्हारा कॉक बंद है. मूठ किधर है?”

मी पिशवीत हात घातला. मूठ होती. थंडगार, चकचकीत, जपून ठेवलेली.

“भाभी, मूठ... दौलताबादला आहे.”

मग भाभी हलक्या आवाजात म्हणाल्या, “कायकू?”

मी मूठ पुन्हा पिशवीत टाकली, तीही जपून.

“ठीक है. हमारे ये भिंतीवरून उतरते, पक्कड लगाते. तुम आओ.”

ह्यांना फोन लावला, तर लागेना. दोघं किल्ल्याच्या अंधारीत शिरले असणार. अख्ख्या सैन्याला चकवायला बांधलेल्या त्या भुयाराने माझा एक फोनही आत जाऊ दिला नाही! शेवटी सायकली राखायला रसवंतीवाल्याला सांगितलं आणि मी एकटीच परत फिरले. समोरून वारा, माथ्यावर ऊन. थोडं अंतर गेले आणि मागचं चाक बसलं.

तिथंच एक टँकर हळू झाला. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं.

“काय झालं, मावशी?”

“दादा, घरी पाणी आलंय, आणि नळ माझ्यापाशी आहे!”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ऊन लागलं असं समजून मऊ आवाजात म्हणाला, “व्हय व्हय. बसा. सायकल मागं बांधतो. पर ह्ये पाणी बिल्डरचं हाय. वाटंत एक तांब्याबी कुणाला देणार नाय, आधीच सांगतो.”

वाटेत भाभींचा पुन्हा फोन.

“वैनी, पक्कड से थोडा गडबड हो गया.”

“काय गडबड?”

“कॉक तुटया.”

आमचं घर लाईनवर पहिलं. कॉक तुटल्याबरोबर अंगणात कारंजं उडालं आणि गल्लीतल्या बाकी सगळ्या नळांचा जोर गेला. मग गल्लीने काय करायचं? सगळी गल्ली बादल्या, घागरी, टब घेऊन आमच्या भिंतीवर चढली! हौदाला कुलूप, त्यामुळं आत थेंब जायची सोय नव्हती. पाणी बिचारं जिथं भांडं दिसेल तिथं गेलं.

टँकर गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा पाणी नुकतंच गेलं होतं. अजून काही घरांचे ड्रम अर्धेच होते आणि अशा वेळी माझं डोकं टँकरच्या खिडकीतून दिसलं.

“वैनीनं टँकर आणला!” कुणीतरी ओरडलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने आठवतं. कुणी मागचा पाइप सोडला, कुणी टपावर चढलं, समोरच्या बाळाच्या आजी पातेलं घेऊन धावल्या.

“ओ मावशी! ह्ये काय लावलंय? उतरा खाली! माझी नोकरी जाईल!”

मी उतरले. ड्रायव्हरने पाइप हिसकावला आणि टँकर रिव्हर्समध्येच गल्लीबाहेर पळवला. मागं बांधलेल्या माझ्या सायकलसकट. (ती पुढं एका बांधकामावर सापडली. वॉचमन तिच्यावर कपडे वाळत घालत होता. धुतलेले!)

अंगणात चिखल होता. मी हौदाचं कुलूप उघडून आत पाहिलं. तेच वीतभर. पुढचं पाणी आठवड्यानंतर, तेही कॉक बसला तर. हातात मूठ घेऊन मी पायरीवर बसले आणि खरंच रडले.

संध्याकाळी हे आणि वन्सं आले. दोघांच्या अंगावर रस्त्याची धूळ इतकी, की बहीण कोण आणि भाऊ कोण ते आवाजावरूनच कळलं.

“किल्ला झकास, वहिनी! न सांगता पळालात ते मात्र बरं नाही केलंत. आता आधी कडकडीत पाणी काढा.”

“काढते,” मी म्हणाले. “आमच्याकडे कुठं पाण्याचा प्रश्न आहे!”

आणि दोन रिकाम्या बादल्या पदराखाली लपवून मागच्या दाराने भाभींकडे गेले. त्यांच्या मोरीत, ओट्यावर, जिन्यात, पलंगाखालीसुद्धा पाणी होतं. आमच्या नळाचं. भाभींनी मोठ्या मनाने दोन्ही बादल्या काठोकाठ भरल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या,

“लौटाने की जल्दी नक्को करो हां, वैनी. आराम से देव.”

मी त्यांचे आभार मानले. दोनदा!