चाकावरचे डाग

रविवारी सकाळी भाजी घेऊन परतले, तर पार्किंगमध्ये शेजारचे सामंतकाका पाटावर बसून आपल्या गाडीचं चाक घासत होते. शेजारी साबणाच्या पाण्याची बादली, हातात जुना टूथब्रश. ब्रेकची काळी भुकटी बसून बसून चंदेरी चाकावर तपकिरी डाग पडले होते. काचबिंदूमुळे काकांचं गाडी चालवणं केव्हाच थांबलंय. आता तर समोरचा माणूसही त्यांना आवाजावरूनच कळतो.

"काका, आज गाडीची सेवा?"

"मीनल का? बघ गं जरा, डाग गेले का?"

डाग तसेच होते. धातूच खाल्ला गेला होता. घासून निघण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं.

"बरेच गेले की," मी म्हणाले.

काकांनी चाकावरून बोट फिरवलं. खरखरीत खड्ड्यांपाशी ते थबकलं.

"डॉक्टरही असंच म्हणतात," ते शांतपणे म्हणाले.

दुसऱ्याला धीर देताना आपण बहुधा स्वतःचीच सुटका करून घेत असतो. काका भिंतीला धरून उठले आणि चाचपडत बादली शोधू लागले. मी ती उचलली, त्यांचा हात धरला आणि त्यांना दुसऱ्या चाकापाशी नेऊन बसवलं.