पेढ्यातला वाण

रुख्मिणबाईंच्या दुकानाला कुलूप लागलं ते माझ्या रिपोर्टातल्या एका ओळीमुळं. 'पेढ्यात आणि पेशंटच्या सॅम्पलमध्ये ई. कोलाय आढळला.' ओळ खरी होती, तिथंच घोळ झाला.

झरी गावात बारशाचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून निम्मी पंगत जुलाबानं आडवी. सगळे बरे झाले, पण खापर पेढ्यांवर फुटलं. नवरा गेल्यापासून बाईंचं घर त्या पेढ्यांवरच चालत होतं.

ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतो. बहुतेक गरीबच. काहींकडं मात्र विष बनवणारे जीन असतात. एकाच जंतूच्या अशा प्रकारांना आम्ही स्ट्रेन म्हणतो. हे मला तोंडपाठ, आणि तरी घाईत नुसतं नाव लिहून मी मोकळी झाले. धन्य आहे माझी!

पुन्हा टेस्ट करते म्हटल्यावर लॅबचे सर कुरकुरले. जंतू सापडला, विषय संपला, असं त्यांचं म्हणणं.

"सर, नाव सापडलंय. स्ट्रेन मी बघितलाच नाही."

शेवटी टेस्टची किट मिळाली. पीसीआर लावली, म्हणजे डीएनएत विषाचा जीन शोधला. पेशंटच्या जंतूत तो होता, पेढ्यातल्यात नव्हता. मठ्ठ्यात टाकून उरलेल्या बर्फातल्या जंतूत होता, आणि त्याचा डीएनए पेशंटच्या जंतूशी जुळला. नुसता माल थंड ठेवायची, खायची नसलेली बर्फाची लादी कुणीतरी थेट मठ्ठ्यात फोडली होती.

सुधारित रिपोर्ट गेला, कुलूप निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. मला लय वाईट वाटलं. मग मीच झरीला गेले. ग्रामपंचायतीत अर्धा तास स्ट्रेन, जीन, टॉक्सिन समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. सरपंच म्हणाले, पेढ्यात जंतू होता का न्हाई, तेवढंच सांगा.

मागं उभ्या रुख्मिणबाई वैतागल्या. "अवो, ज्वारी समदी ज्वारीच असती. म्हनून कोन्या बी ज्वारीचा हुरडा खाता का? वाण बघता ना?"

मग सरपंच हसले आणि जाताना किलोभर पेढे घेऊन गेले. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

दुकानात माझ्यासाठी पुडा बांधता बांधता बाईंनी हळूच विचारलं, "म्हंजी आमच्या पेढ्यात बी हायच की जंतू?"

"आहे. गरीब वाणाचा. पण आला हातातनं नाहीतर फडक्यातनं."

त्यांनी पुडा बाजूला ठेवला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि नव्यानं पेढे वळायला बसल्या.

नुसत्या नावावरनं कुणाला दोषी धरू नये. आणि निर्दोष सुटलेल्यानंही हात धुवावेत.