तलासरीच्या शाळेतलं चिकूचं कलम

शिवणाचा वर्ग नको म्हणून सुमन अडून बसली आणि आम्ही मायलेकी निघालो. साल एक्याण्णव की ब्याण्णव, ते सोडा. तिची सातवी झालेली, माझी दुसरी. तलासरीकडे माझं माहेर, बहीणही तिथंच दिलेली. तिच्या गावच्या सरकारी हायस्कुलात आठवीपासून शेती शिकवत. पण शेती पोरांना, पोरींना शिवण. म्हटलं, बघतेच.

चिखल्याहून टमटमनं डहाणू, पुढं एस.टी. आता रस्ता बरा आहे. तेव्हा मागच्या सीटवरचा माणूस अर्धा प्रवास हवेतच करायचा. जाणार असाल तर पुढं बसा. स्टँडवरची भजी कढईतून निघताना दिसली तरच घ्या. आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी नेली होती, तीच खाल्ली.

शाळा म्हणजे लांबलचक कौलारू इमारत. हेडमास्तर बोलके. "बाई, ही पूर्वी गवताची वखार. पहिली पोरं गठ्ठ्यांवर बसून शिकली."

"ते भारे माझ्या आईनं वाहिलेत," मी म्हटलं. "आता नाव घाला. शेतीत."

शेतीचे मास्तर हसले. "ताई, इथं पोरांची कलमं सुकतात, पोरगी काय करणार?"

"दाखवा सुकलेली."

मागं चिकूचं एक झाड. चिकूचं कलम रायणीच्या रोपावर बांधतात. यांनी रायणीच्या कुंड्या जमिनीवर ठेवून चिकूच्या फांद्या सुतळीनं खाली ओढलेल्या. वारा आला की फांदी उसळायची आणि सांधा सुटायचा.

"मास्तर, आमच्या चिखल्यात फांदी खाली येत नाही, कुंडी वर जाते."

एवढ्यात सुमन झाडावर. "अगं, उतर!" मास्तर ओरडले.

"ओरडता काय? कुंडी द्या तिला."

तिनं कुंडी फांदीला बांधली, रोपाची आणि फांदीची साल सारखी तासली, दोन्ही जुळवून केळीच्या सोपटानं आवळली. हेडमास्तर म्हणाले, "धरलं तर शेतीत."

"आणि तोवर?"

"तोवर शिवण."

सुमनचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "बटणं लाव. पण पाणी घालायला विसरू नकोस."

तिला मावशीकडं ठेवलं आणि परत आले. येताना शेजारची जागा रिकामी होती, तिथं डबा ठेवला. घरी कुणी विचारलं, कशी आहे शाळा, तर तोडून सांगायचे, "कलम धरू दे, मग सांगते."

दिवाळीआधी पत्र आलं. सहा ओळींना मला अख्खी दुपार लागली, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कलम धरलं. नाव शेतीत. शिवणही येतं आता; पोरं फाटक्या चड्ड्या घेऊन येतात, ती हाकलते.

त्यानंतर त्या शाळेत कितीदा गेले. पण डोळ्यापुढं येतो तो पहिलाच दिवस. मास्तर टाचा उंचावून उभे, दोन्ही हातांत डोक्यावर कुंडी, आणि फांदीवरून सुमन म्हणतेय, "अजून थोडं वर, सर."