बिनकांडीचं आइस्क्रीम

माझा थोरला भाऊ कर्जतच्या आसपासच्या गोठ्यांत गाई भरवायला जातो, म्हणजे कृत्रिम रेतन करतो. त्याच्या मोटरसायकलला नायट्रोजनचा कॅन बांधलेला असतो. त्या पातळ, भयंकर गार नायट्रोजनमध्ये वळूच्या वीर्याच्या बारीक नळ्या बुडवून ठेवतात. त्यांना आमच्याकडे कांड्या म्हणतात.

यंदा त्याच्या मुलीने मोबाईलवर धुराचं आइस्क्रीम पाहिलं. हा धूर पप्पांच्या कॅनमधलाच, हे तिने लगेच ओळखलं आणि बजावलं, वाढदिवसाला केक नको, हेच हवं, तेही सगळ्या मैत्रिणींसमोर. भाऊ कां-कूं करत होता. पेटले ती मी. वडील अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं काढायचे, तीच वाचून मला अक्षरओळख झालेली. विज्ञान चालून दारात आलं असताना मी गप्प कशी बसणार?

भावाने कोराकरकरीत कॅन भरून आणला, त्यात एकही कांडी नाही. आईने आमच्या काळी गाईचं दूध आटवून साखर, वेलची घातली. सगळं तयार झालं आणि नवा फ्रॉक घातलेली पुतणी गल्लीत ओरडत सुटली, "या गं! आमच्या पप्पांनी सगळ्यांना कांडी आणलीय!"

तिला म्हणायची होती बर्फाची कांडी. पण तिच्या पप्पांची कांडी गल्लीला एकच ठाऊक. आयांनी पोरी घरात ओढल्या. फक्त शेजारच्या काकू दारात आल्या, तोंडाला पदर लावून.

"व्हय गं, जर्सी वळूची हाय का एचएफची?"

मी सरसावले. "काकू, आपण जी हवा घेतो तिच्यात बहुतेक नायट्रोजनच असतो. अज्ञानापोटी आपण..."

"घेते की हवा. चाटत न्हाई."

मी आणखी बरंच बोलले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिथून हलल्या नाहीत. पुतणी रिकाम्या गल्लीकडे बघत उभी होती. भाऊ हातमोजे घालून नुसताच ताटकळला होता.

आईने ढवळता ढवळता विचारलं, "बाई, सकाळी आमच्या काळीचं दूध नेलं, त्याचा चहा पिलीस का?"

"पिले की. का?"

"ती काळी कुठून आली?"

काकूंनी गोठ्याकडे पाहिलं, मग भावाकडे, मग कॅनकडे. "अगं बया!" म्हणत त्या दारातच खाली बसल्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उठल्या त्या गल्लीकडे तोंड करूनच. "ए पोरींनो, या! बिनकांडीचं हाय!"

पोरी आल्या. भावाने खिडक्या उघडल्या, सगळ्यांना लांब उभं केलं आणि नायट्रोजन ओतला. पातेल्यातून पांढरे लोट उसळून फरशीवर पसरले. पोरी किंचाळल्या. मी तोंड उघडलं, "मुलींनो, हा धूर नाही, ही हवेतली वाफ..."

"आत्या, आता गप!" पुतणीने मागे न बघताच सांगितलं.

लोट थांबले तसं आइस्क्रीम घट्ट झालं. पहिली वाटी काकूंनी घेतली आणि वेलची कमी पडल्याचं सांगून दुसरी मागितली. पुतणीला मात्र स्वतःची वाटी घ्यायची सवड नव्हती. ती एकेका मैत्रिणीच्या तोंडाकडे बघत फिरत होती.