ठिय्यावाल्या बाई

बाई एकदा बसल्या की त्यांना उठवायची कोणाची बिशाद नव्हती. खुर्चीवर नाही, जमिनीवर. शाळेची हापशी बिघडली आणि ग्रामपंचायत आज-उद्या करायला लागली, तेव्हा बाई आमचा अख्खा चौथीचा वर्ग घेऊन पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि आम्हाला मोठ्याने पाढे म्हणायला लावले. आत सरपंचांना फोनवर धड बोलता येईना. दुपारपर्यंत मिस्त्री आला. "भांडाले तोंड लागते, ते दुखते," बाई म्हणायच्या. "बसाले काय लागते?" तेव्हापासून गावानं त्यांचं नाव ठिय्यावाल्या बाई ठेवलं. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

निरोपाच्या भाषणांत सगळ्याच शिक्षकांना प्रेमळ म्हणतात. आमच्या बाई प्रेमळ वगैरे नव्हत्या, खोटं कशाला बोलू. नालवाडीहून स्कुटीवर यायच्या, आल्या आल्या काळा चहा प्यायच्या आणि तो पिऊन होईपर्यंत कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायच्या, राग आला की सरळ वऱ्हाडीत उतरायच्या. त्यामुळे बाईंची भाषा ऐकूनच आम्हाला आजची हवा कळायची.

थर्मोकोल दिसला की त्यांचं डोकं फिरायचं. वर्ध्याच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात, किल्ला, ज्वालामुखी, सूर्यमाला, सगळं रंगवून तयार. आमच्या वर्गातल्या गोलूने एकदा मामाकडून तसली झोपडी आणवली. बाईंनी ती चारी बाजूंनी बघितली आणि म्हणाल्या, "फार सुंदर आहे. ज्याने बनवली त्याला उद्या वर्गात घेऊन ये, त्याचे मार्क त्याला देते." गोलू रडला. मग त्याने मातीची विहीर केली, ती एका बाजूने खचली. आसपासच्या शाळांच्या प्रदर्शनात आमच्या टेबलावर हसून हसून लोकांचं पोट दुखलं आणि आमचा नंबर शेवटून पहिला आला. परत येताना बाई खुशीत होत्या. "वाकडं आहे, पण आपलं आहे. त्यांचं सरळ आहे, पण दुकानदाराचं आहे."

भुलाबाई, म्हणजे आमच्याकडचा भोंडला, आला की बाईंच्या अंगात यायचं. आवाज असा की खिडकीतली कबुतरं उडून जायची, तरी सगळी गाणी म्हणणार. आणि त्यांच्या वर्गात भुलाबाई एकट्या मुलींच्या नसायच्या. गाणं मुलांनीही म्हणायचं, घरून डबा बंद करून मुलांनीही आणायचा आणि आतला खाऊ वर्गाने ओळखायचा. एका मुलाचे आजोबा तणतणत आले. "आमच्या पोट्ट्याले बाईमाणूस करून राह्यल्या का तुम्ही?" बाईंनी त्यांच्यासमोर डबा धरला. "ओळखा आजोबा, काय आहे." आजोबांनी डबा हलवून बघितला, कानाशी धरला आणि "फुटाणे," म्हणाले. निघाले फुटाणेच. आजोबा फुटाणे खाऊन घरी गेले.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीला बाईंनी जो अभ्यास दिला, त्यावर मी आजही कधीकधी विचार करत बसते. त्यांनी सांगितलं, "दिवसभर आईवर लक्ष ठेवा. आई केव्हा बसते ते बघून या." आम्हाला वाटलं, किती सोपा अभ्यास. एकाने वर्गातच हात वर केला. "माझी आई भाजी निवडताना बसते बाई."

"ते बसणं नाही, ते काम. काहीच काम हातात नसताना बसते, ते बघायचं."

पण सुट्टी संपली आणि उत्तर द्यायला मी वर्गात नव्हतेच. मी वावरात होते.

आमच्याकडे दसऱ्याला कापूस फुटायला लागतो आणि वेचणी बायांची असते. बायांची आणि पोरींची. पुरुष नांगर धरतील, फवारणी करतील, गाडी भरतील, पण कमरेला फडकं बांधून कापूस वेचणार नाहीत. का, ते कोणी विचारत नाही. माझे बाबा वाईट माणूस नव्हते. मजूर बाया मिळत नव्हत्या, पऱ्हाटीला कापूस लोंबत होता आणि वर ढग यायला लागले होते. भिजला असता तर मातीमोल झाला असता. म्हणून म्हणाले, "दिवाळीपर्यंत चाल वावरात. मंग जाजो शाळेत."

हेच शब्द त्यांनी आधी माझ्या ताईला सांगितले होते. ताईही चौथीतच होती. ती दिवाळीपर्यंत वेचायला गेली, दिवाळीनंतर दुसरा वेचा आला, मग तूर आली, मग शाळेत जायची लाज वाटायला लागली, मग तिचं लग्न झालं. ताईला शाळेतून कोणी काढलं नाही. ती नुसती परत गेली नाही. मला हे सगळं समजत होतं, त्या वयातही. मी कापूस वेचत होते आणि मनात घाबरून गेले होते की आता मीपण ताई होणार.

त्याच आठवड्यात आमच्या वर्गाची नागपूरची सहल ठरली होती. वाघ बघायचा होता. गाडी ठरवायच्या आदल्या दिवशी बाईंनी वर्गात सांगितलं, "ठिकाण बदललं. उद्या डबा घेऊन या, पायी जायचं आहे." सगळे डोक्याला तेल लावून, ठेवणीतले कपडे घालून आले आणि बाईंच्या मागे दोघादोघांच्या रांगेत चालत थेट आमच्या वावरात पोचले. हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की पऱ्हाटीच्या पलीकडून रंगीबेरंगी कपड्यांची रांग येते आहे आणि पुढे बाई आहेत. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रांग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर आली आणि बाई तिथेच बसल्या. वर्गही बसला.

बाबा धावत आले. "बाई, काऊन बाप्पा इकडं?"

"सहल आहे."

"वावरात काय पाहाले भेटते पोट्ट्याइले?"

"तुमची पोरगी पाहाले आलो," बाई म्हणाल्या. वऱ्हाडीत उतरल्या म्हणजे आज हवा बरी नव्हती. "आज आम्ही आलो. थोड्या वर्षांनी दुसरे पाहाले येतीन. त्याच्याआधी आमचा नंबर लावून राह्यली मी."

बाबांनी धुऱ्यावर बसलेल्या पोरांकडे बघितलं. मग म्हणाले, "आलेच आहेत तं वेचू द्या ना त्याइले बी. हातभार लागंल."

"एका पोरीले सोडवाले आली मी. बाकीच्याइले अडकवाले नाई."

मग त्यांनी धुऱ्यावरच शाळा भरवली. कविता झाली, पाढे झाले. बाबा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत उगाच फेऱ्या मारत होते. बाजूच्या वावरांतले लोक काम सोडून बघत होते. मी मान वर केली नाही. डबे उघडले, डबे संपले. बाबांना वाटलं, आता जातील. बाईंनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "चला, सुट्टीचा अभ्यास. कोणाची आई केव्हा बसते?"

एकेक जण सांगायला लागला. एकाची आई टीव्हीपुढे बसते, पण हातात तांदूळ असतात. एकीची मंदिरात बसते, पण वाती वळत. गोलूने दिवसभर पहारा दिला होता. त्याची आई बसली, तेवढ्यात त्यानेच पाणी मागितलं. सगळे हसले. मग बाईंनी माझं नाव घेतलं. पऱ्हाटीतून मला उत्तर द्यायचं होतं. मी खाली बघून पुटपुटले.

"मोठ्याने. तू हजर आहेस, मला दिसते आहेस."

मी म्हणाले, "माझी आई बसतच नाही बाई."

आई माझ्यापासून दोन ओळी पलीकडे होती. ती बोलणारी बाई नाही. बाबांपुढे तर नाहीच. तिचे हात थांबले. ती सरळ उभी राहिली, माझ्याजवळ आली आणि माझ्या कमरेचं फडकं सोडलं. त्यातला कापूस स्वतःच्या फडक्यात ओतला. मग आपलंही फडकं सोडलं, बाबांच्या जवळ गेली आणि दोन्ही फडकी त्यांच्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली. "माही पोरगी शाळेत जाईन."

"मंग वेचंल कोण?"

"तुमाले बी हात आहेत."

आणि माझी आई धुऱ्यावर जाऊन वर्गात बसली. पोरांच्या मधे, हात मांडीवर ठेवून. तिच्या हातात काहीही नव्हतं. मी तिला दिवसाउजेडी तसं पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाईंनी नुसतं सरकून तिला जागा दिली.

बाबा दोन्ही फडकी हातात घेऊन उभे होते. शेजारच्या वावरातून कोणीतरी ओरडलं, "का गा, लुगडं बी आणू का?" हसू उठलं. बाबांनी त्या दिशेने बघितलं. रागीट माणूस, वाटलं आता फडकी फेकतील. पण राग दुसरीकडेच वळला. "हसाले काय झालं बे? माहा कापूस हाय, मी वेचीन." त्यांनी एक फडकं कमरेला बांधलं, उलटं बांधलं, आणि वाकले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या काकांनाही ओढून आणलं. दोघे भाऊ एकमेकांना शिव्या देत वेचायचे. आईही वेचायची, पण दुपारी धुऱ्यावर बसायची. ढग चार दिवस नुसते भेवडावत राहिले आणि निघून गेले. मी शाळेत होते.

बाईंना मात्र नोटीस आली. सहलीचं ठिकाण परस्पर बदललं, परवानगी घेतली नाही. शिक्षण विभागाचे साहेब मोटारसायकलवर चौकशीला आले तेव्हा आम्ही खिडकीतून ऐकत होतो.

"वावरात जायची परवानगी कोणाची होती, बाई?"

"नव्हती. पोरगी वावरात गेली तेव्हा कोणाची होती, ते आधी विचारून या."

ते गेल्यावर बाईंनी ती नोटीस वर्गात आणली आणि आम्हाला आळीपाळीने वाचायला लावली. "नीट वाचा. हिच्यात जोडाक्षरं चांगली आहेत." मी वाचली तेव्हा 'शिस्तभंग' या शब्दावर अडखळले. बाईंनी तो तीनदा म्हणवून घेतला आणि म्हणाल्या, "लक्षात ठेव. कामी येईल."

उन्हाळ्यात बदली झाली, लांब, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी गावातल्या बाया शाळेच्या फाटकात ठिय्या देऊन बसल्या. आईच पुढे होती. बाई स्कुटी ढकलत आल्या आणि बघतच राहिल्या. मला वाटलं, खूष होतील. पण त्या म्हणाल्या, "उठा. तिथं बी पोरी आहेत." एवढंच. डोळे भरले होते, पण स्कुटीला किक मारून निघून गेल्या. कोणाला बसलेलं उठवताना मी त्यांना तेवढ्याच वेळी पाहिलं.

मी आता लाल गाडीत कंडक्टर आहे. वर्धा, आंजी आणि पुढे. गाडी आमच्या वावरावरून जाते. बाबा कधी गाडीत असले की शेजारच्याला बोट दाखवून सांगतात, "त्या धुऱ्यावर शाळा भरली होती. त्या बाईनं माही इज्जत घालवली." आणि छाती पुढे काढतात. गोलू भेटला की म्हणतो, तुह्यापायी माहा वाघ पाहाचा राह्यला. मी त्याला म्हणते, तिकीट काढ.

मागच्या वर्षी नालवाडीजवळ बाई माझ्या गाडीत चढल्या. थकल्या होत्या. माझी खाकी वर्दी खालपासून वरपर्यंत बघितली आणि शेजारची जागा थोपटली. "बस."

"बाई, तिकिटं फाडायची आहेत."

"पळून चालले का सगळे? बस म्हटलं ना."

मी बसले. त्यांनी विचारलं, "आई बसते?"

"बसते बाई. दुपारचा चहा घेऊन ओट्यावर. कोणाला विचारत नाही."

"आणि तू?"

सकाळी पोळ्या, मुलीचा डबा, मग दिवसभर गाडीत उभी, रात्री पुन्हा पोळ्या. मी हातातले सुटे पैसे मोजायला लागले. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्या नजरेत नापास केलेलं मला कळलं.

यंदा दसरा होऊन गेला होता. वर्ध्याहून सुटायची वेळ झाली होती, गाडी गच्च भरलेली. बाबा घाईघाईने चढले, हातात फोन. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ठिय्यावाल्या बाई गेल्या वं."

मी तिकिटाचं मशीन पिशवीत ठेवलं. माझ्या सीटवर कोणाची तरी थैली होती, ती उचलून खाली ठेवली आणि बसले. हात मांडीवर ठेवले. ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. मागून आवाज आला, "मॅडम, मारा ना डबल बेल." दुसरा म्हणाला, "टाइम होऊन गेला. कंप्लेंट करा याइची." मी उठले नाही. मला उठायचं नव्हतं.

बाबा दांडी धरून उभे होते. ते गर्दीकडे वळले, तसेच, त्या दिवशी शेजारच्या वावरातल्या हसणाऱ्यांकडे वळले होते तसे.

"बसली हाय ते," बाबा म्हणाले. "बसू द्या तिले. जे घाईत आहेत त्याइनं उतरून पायी जा."

कोणी उतरलं नाही. गाडीला उशीर झाला. झाला तर झाला.