देवाजीचा कान

सावलीकडच्या खेड्यांत जुनं घर तपासायचं म्हटलं की लोक देवाजी सुतारालाच बोलवत. एक वाकस, एक पटाशी आणि बाजारातली स्वस्त करवत, एवढंच त्याचं भांडवल. वाकसाच्या दांड्यानं खांबावर ठोकायचं आणि कान द्यायचा. भरीव वाजला तर ठीक. पोकळ वाजला तर आत उधईनं पोखरलेला, वरून सागवान कितीही मिरवू दे! देवाजीनं ‘पक्का’ म्हटलं की घरधनी निर्धास्त झोपे.

पन्नाशी उलटली आणि तो कान हळूहळू गेला. देवाजीनं कोणाला कळू दिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! समोरच्याच्या ओठांवर नजर ठेवून तो वेळ मारून नेई, खांबांचा निकाल अंदाजानं देई. अरे बाबा, कान गेला होता, अब्रू नव्हे! पण त्याला ते कोणी सांगावं?

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात तो लेकीच्या सासरी गेला. रंभाचा नवरा आलापल्लीला लाकूडतोडीवर होता. घरी ती आणि सासू सुगंधाबाई. शेजारीपाजारी बघायला जमले. देवाजीनं मधला खांब ठोकला, मान डोलावली.

“पक्का आहे. माह्या मागंही उभा राहील.”

रंभा जवळच उभी होती. बापाला तिनं पोटभर जेवू घातलं आणि वेशीपर्यंत पोहोचवून आली.

आषाढाच्या झडीत तो खांब खचला, आढं कोसळलं आणि रंभा त्याखाली गेली.

देवाजी पोहोचला तेव्हा अंगणात सारा गाव होता. लेकीच्या उशाशी बसून तो कपाळ बडवत होता. सुगंधाबाई तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटली. ओठ दिसेनात.

“काय म्हणता, बाई?”

ती पुन्हा बोलली. त्यानं पुन्हा विचारलं. तेव्हा ती ओरडलीच.

“तिले ठाऊक होतं! तुमी गेल्याबरोबर माही खाट वसरीत आणली तिनं. म्हणे, खांब पोकळ वाजते, पण बाबाले ऐकू येत नाई हे कोणाले समजू नये. धानाचा रोवणा झाला का चुपचाप बदलवून घेऊ. काल खांब करकरला तं एकटीच टेकू लावाले आत गेली. शेजाऱ्यायले हाक मारू देल्ली नाई मले!”

देवाजीला ते स्पष्ट ऐकू आलं. लेकीनं जिवापलीकडे जपलेलं आता साऱ्या गावालाही ऐकू आलं.