सुंदरीच्या दुधाचा रिपोर्ट

सांगतो, पण आधी चहा संपवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगताना एकाच्या नाकातनं चहा आला आणि शर्ट माझा गेला. आयुष्यात माझ्या फजित्या काय कमी झाल्यात? पण ही असली झाली, की शिवाजी पेठेत लोक अजून मला बघून आधी हसतात आणि मग नमस्कार करतात.

तर मी सूक्ष्मजीवशास्त्राचा प्राध्यापक. बावीस वर्षं कॉलेजात तेच शिकवतोय. आणि माझा लाडका विषय कुठला? औषधांना दाद न देणारे जंतू! अहो, जगभरातल्या शास्त्रज्ञांची झोप उडालीय. अँटिबायोटिक उगाच घ्यायचं, दोन दिवसांत बरं वाटलं की सोडून द्यायचं. माणसांचं तेच, जनावरांचंही तेच. कच्चे जंतू मरतात, पक्के उरतात, आणि त्यांची पिलावळ वाढली की औषध म्हणजे त्यांना नुसतं पाणी! हे मी वर्गात सांगतो, लग्नाच्या पंगतीत सांगतो, तालमीच्या कट्ट्यावर सांगतो. मेडिकलमध्ये कुणी "सर्दीवर जरा स्ट्राँग काय तरी द्या" म्हणालं की मी मागं हजर. दुकानदारानं मला बघून शटर ओढायचं तेवढं राहिलंय.

आमच्या मागच्या गल्लीत बंडूआण्णांचा गोठा. सहा म्हशी. त्यातली सुंदरी म्हणजे आण्णांचा जीव की प्राण! दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींची शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात आणि मालकाच्या मोटारसायकलीमागं त्यांना पळवतात. सुंदरी अशी पळायची, की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. आणि नेमका पाडव्याला महिना राहिला असताना तिची कास सुजली. दगडासारखी कडक. दुधात गुठळ्या.

आण्णा कट्ट्यावर डोक्याला हात लावून बसलेले.

"काय झालं आण्णा?"

"सुंदरीचं काय खरं न्हाय सर. तीन औषधं झाली. एक मेव्हण्यानं सांगितलं, एक दुकानदारानं, एक घरात उरलेलं हुतं. जनावरांच्या डॉक्टर मॅडम म्हणत्यात, आता अंदाजानं काय द्यायचं न्हाय, दूध तपासून औषध ठरवायचं. न्हायतर कास कामातनं गेली. मग काय, बाजार दाखवायचा म्हशीला."

आणि हा सहा फुटी गडी टॉवेलनं डोळे पुसायला लागला हो!

माझ्या अंगात तर वारंच शिरलं. बावीस वर्षं जे घसा फोडून सांगतोय, ते साक्षात माझ्या मागच्या गल्लीत घडलेलं! म्हटलं, "आण्णा, रडायचं न्हाय. आजपासनं औषध बंद. गोठा स्वच्छ ठेवा, कास शेकत राहा. आधीचं औषध दुधातनं उतरलं की, तीन दिवसांनी मी दूध तपासतो. कुठला जंतू, कुठलं औषध, सगळं सांगतो."

"व्हय सर?"

"व्हय म्हंजे काय! हा आपला हातखंडा."

आता इथं एक नियम सांगतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना मी हाच पाठ करायला लावतो: नमुना नेहमी स्वतःच्या हातानं घ्यायचा. कासेचा सड धुवायचा, स्पिरिटनं पुसायचा, पहिल्या धारा सोडून द्यायच्या, मग निर्जंतुक बाटलीत दूध घ्यायचं. बाटली दुसऱ्याच्या हातात दिली की तपासणी गेली खड्ड्यात.

मी बाटली घेऊन गोठ्याच्या दारात गेलो. सुंदरीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

आता तुमच्यापासनं काय लपवायचं? मी म्हशीला भितो. कोल्हापुरात जन्मलो, कोल्हापुरात वाढलो, आणि म्हशीला भितो! कॉलऱ्याचे जंतू मी बिनधास्त हाताळीन, पण तेवढी शिंगं समोर आली की माझे पाय आपोआप मागं जातात. मी दारातनंच बाटली आत दिली आणि तिथनंच लेक्चर ठोकलं.

"आण्णा, सड स्वच्छ धुवा! पहिल्या धारा टाकून द्या! हात स्वच्छ, बाटली स्वच्छ, कचऱ्याचा एक कण पडता कामा नये! कॉलेजात जाणार हाय दूध!"

"काळजीच करू नगा सर," आण्णा आतनं म्हणाले. "एकदम ए-वन देतो."

ए-वन! तिथंच माझे कान टवकारायला पाहिजे होते की नको? पण मी सुंदरीच्या शेपटीकडं बघत होतो.

कॉलेजात जाऊन दूध काचेच्या बशीतल्या जंतूंच्या खुराकावर पसरलं. असल्या आजारात एका दिवसात बशीभर जंतूंचे ठिपके उगवतात. दुसऱ्या दिवशी बघतो तर बशी चकाचक! एक ठिपका नाही. पुन्हा पसरलं. पुन्हा चकाचक!

शहाण्या माणसानं काय केलं असतं? "नमुना चुकला का?" असं विचारलं असतं. मी काय केलं? मी स्टाफरूममध्ये पेढे मागवले!

कारण मला शोध लागला होता ना! कासेत चांगले जंतूसुद्धा राहतात, ते वाईटांना हुसकावतात का, यावर सध्या मोठमोठ्या प्रयोगशाळा डोकं खाजवतायत. आणि इथं औषध बंद करून, नुसता गोठा झाडून, मी तीन दिवसांत निकाल लावला होता! परदेशातल्या परिषदेत कुठला कोट घालायचा, हेसुद्धा माझं ठरलं.

आण्णा भीत भीत म्हणाले, "पर सर, कास अजून कडकच लागतीय की."

"सूज उतरायला वेळ लागतो आण्णा. रिपोर्ट कधी खोटं बोलत न्हाय!"

"मग औषध?"

"कशाला? जंतूच न्हाईत तर मारायचं कुणाला?"

बिचारा माणूस माझ्या शिक्षणाला मान देऊन गप बसला. आणि पेठेत बातमी पसरली. आमच्या पेठेला निमित्त लागतंय व्हय? रविवारी सकाळी बघतो तर चौकात फ्लेक्स! माझा कंबरेपर्यंतचा फोटो आणि वर ठळक अक्षरात "जंतूंचा कर्दनकाळ". मला फेटा बांधला, शाल घातली, हलगी कडाडली. आणि सत्कार कुणाच्या हस्ते? आमच्या डॉक्टर मॅडमच्या. मूळच्या मलकापूरच्या, बोलणं कमी, नजर तीक्ष्ण.

मॅडम म्हणाल्या, "सत्कार करूया की. आधी पेशंट बघते."

सगळी वरात गोठ्यात. त्यांनी सुंदरीची कास चाचपली आणि एक धार हातावर घेतली. पिवळट पाणी आणि त्यात या एवढ्या गुठळ्या!

"सर, हे दूध क्लीन आलं?"

माझं डोकंच सटकलं. "मॅडम, दोनदा तपासलंय! बावीस वर्षं काय भजी तळतोय का मी?"

"मग नमुना कुणी घेतला?"

मी आण्णांकडं बघितलं. आण्णांनी छाती पुढं काढली.

"मी दिला की! लक्ष्मीचं दूध. पलीकडची ती. अख्ख्या गल्लीत असलं दूध न्हाय."

हलगी थांबली.

"आण्णा!" मी ओरडलो. "मी सुंदरीचं दूध मागितलंवतं!"

"व्हय, पर सुंदरीचं नासकं दूध तुमच्या कॉलेजात कसं दीन ओ? चार मास्तर बघणार, पोरं बघणार, म्हणणार बंडूआण्णाचं दूध हे असलं! पाच पिढ्यांचा धंदा हाय, इज्जत हाय का न्हाय? आन् तुमीच म्हणाला की, सड धुवा, हात धुवा, कण पडू देऊ नगा. मला वाटलं, कॉलेजात चांगलंच दूध लागत असणार."

कुणी तरी मागं फुस्स केलं आणि मग अख्खा गोठा हसायला लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण खरं सांगू? हसण्यापेक्षा दुसरंच जास्त लागलं. माझ्या शहाणपणापायी ती मुकी म्हस आठवडाभर बिनऔषधाची कळा सोसत उभी होती, आणि तिचा मालक माझ्यावर विश्वास ठेवून गप होता. लाज वाटली हो. अगदी मनापासनं वाटली.

मॅडमनी पिशवीतनं नवी बाटली काढली आणि माझ्या हातात दिली.

"आता घ्या. स्वतः."

मागं गल्ली, पुढं म्हस. पळायला जागाच नव्हती! शाल काढली, फेटा तसाच, आणि बसलो सुंदरीखाली. आण्णा तिच्या गळ्याला खाजवत म्हणत होते, "सर हायत गं, आपलंच हायत." सड धुतला, पुसला, पहिल्या धारा सोडल्या. तिची शेपूट एकदा फाडकन तोंडावर बसली. तरी बाटली सोडली नाही! हलगीवाल्याला काय चेव आला कुणास ठाऊक, त्यानं कुस्तीचा ठेका धरला.

दुसऱ्या दिवशी बशी ठिपक्यांनी गच्च भरलेली! त्या जंतूंवर वेगवेगळ्या औषधांच्या गोल चकत्या ठेवल्या. आण्णांनी वापरलेली तिन्ही औषधं फेल, जंतू चकत्यांना चिकटून मजेत वाढलेले. फक्त एका चकतीभोवती स्वच्छ कडं पडलं. जुनंच औषध, हल्ली कुणी विचारत नाही असलं. मी बशी घेऊन दवाखान्यापर्यंत अक्षरशः पळालो! मॅडमनी त्याचा पूर्ण कोर्स दिला. दोन दिवसांत उतार पडला, तेव्हा आण्णा म्हणाले, "बास करूया का आता?" मॅडमनी काय बघितलं त्यांच्याकडं! पुन्हा म्हणून विचारलं नाही.

आणि पाडव्याला? काय सांगू! शिंगं लालभडक, गळ्यात घुंगरं, पुढं आण्णांची फटफटी आणि मागं सुंदरी, सुसाट! पेठ नुसती दणाणून गेली. आण्णांनी गर्दीत मला मिठी मारली आणि भर चौकात ओक्साबोक्शी रडले. मीही रडलो, लपवत नाही. बावीस वर्षांत शेकडो पोरं पास केली, पण असं जिंकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी चौकात नवा फ्लेक्स लागला. कुणी तरी गोठ्यात मोबाईलवर काढलेला फोटो. मधोमध सुंदरी, नुसती राजेशाही! खाली मी उकिडवा, फेटा तिरका, निम्मं तोंड शेपटीत. वर दोन-दोन फुटी अक्षरं, "सुंदरी बरी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". माझं नाव शोधून शोधून डोळे दुखले. कुठंच नाही!

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरनं नेसरीला माझ्या मावशीकडं पोचला. संध्याकाळी तिचा फोन.

"म्हस झ्याक हाय रं! पर खाली बसलाय त्यो गडी कोण? धार काढायची बी अक्कल न्हाय मेल्याला."

म्हटलं, "नवीन हाय मावशी. शिकतोय अजून."